तंबू खाणारी बुरशी

पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरा चढला की आपण तो फडक्याने पुसतो, पट्टा उन्हात टाकतो आणि विसरून जातो. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैन्याला ही सोय नव्हती. तिथे होता तो पाऊस, दमट उष्मा आणि चिखल. त्या हवेत सुती तंबू, गणवेश, पिशव्यांचे पट्टे, सामानावर टाकायची ताडपत्री, सगळं कुजायला लागलं. जपानी सैन्य निदान दिसत तरी होतं. हा शत्रू दिसत नव्हता आणि त्याच्यावर बंदूकही चालत नव्हती.

मला आज ज्या बुरशीची गोष्ट सांगायची आहे ती या कुजक्या तंबूंमधली आहे. गेली काही वर्षं तिच्याबद्दल मिळेल ते वाचतो आहे आणि जितकं वाचतो तितकं वाटतं की ही गोष्ट बुरशीची कमी आणि माणसांची जास्त आहे. आपण एखाद्या प्रश्नाला किती वेळ देतो, कधी तो मध्येच टाकून देतो आणि कधी पुन्हा उचलतो, याची ही गोष्ट आहे.

तर झालं असं. अमेरिकन लष्कराचं क्वार्टरमास्टर खातं म्हणजे सैन्याला कपडालत्ता, तंबू, अन्नधान्य पुरवणारं खातं. नुकसान त्यांच्या मालाचं होत होतं, म्हणून शोधही त्यांनीच सुरू केला. कुजलेल्या कापडांचे नमुने गोळा झाले, त्यांच्यातल्या बुरशा वेगळ्या काढून परीक्षानळ्यांत वाढवल्या गेल्या. फिलाडेल्फियातल्या प्रयोगशाळेत अशा हजारो बुरशांचा संग्रह जमला. प्रत्येकीला नंबर दिला गेला आणि नंबरापुढे 'क्यूएम' म्हणजे क्वार्टरमास्टर ही अक्षरं लागली. त्यातली एक होती 'क्यूएम ६ए'. ती सापडली बूगनव्हिल बेटावरच्या एका कुजलेल्या सुती तंबूत. हे बेट भूगोलाच्या दृष्टीने सॉलोमन द्वीपसमूहातलं, आज राजकीयदृष्ट्या पापुआ न्यू गिनीत मोडतं.

तंतुमय बुरशी म्हणजे काय, हे इथेच सांगून टाकतो. यीस्टसुद्धा बुरशीच, पण ती एकेका पेशीची, सुटी सुटी. तंतुमय बुरशी बारीक धाग्यांची असते. हे धागे अन्नातून पुढे पुढे सरकतात आणि टोकांतून एन्झाइमं बाहेर सोडतात. आपण आधी खातो आणि मग पचवतो. ती आधी बाहेरच पचवते आणि मग तयार झालेला रस शोषून घेते. तिचं पोट तिच्या बाहेर असतं म्हणा ना! ही एकच सवय लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

लष्कराला काय हवं होतं ते उघड होतं: बुरशी मारायची. त्यावर उपायही निघाले. कॅनव्हासला तांब्याची रसायनं लावली गेली, पुढे नायलॉनसारखे कृत्रिम धागे आले, ज्यांना ही बुरशी तोंड लावत नाही. लष्करापुरता प्रश्न बराचसा सुटला. इथे फाईल बंद झाली असती तरी कोणी दोष दिला नसता.

पण त्या प्रयोगशाळेत एल्विन रीस नावाचे एक शास्त्रज्ञ होते. बुरशीला थांबवायचं कसं, या प्रश्नाच्या पोटात त्यांना दुसरा एक प्रश्न दिसला: ही कापूस खाते तरी कशी?

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच लांबलचक साखळी. फ्रान्समध्ये आन्री ब्राकोनो यांनी १८१९ मध्येच जुन्या तागाच्या चिंध्या गंधकाम्लात टाकून त्यांची साखर करून दाखवली होती. पुढे १८३८ मध्ये आन्सेल्म पायेन यांनी वनस्पतींमधला हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला सेल्युलोज हे नाव मिळालं. म्हणजे चिंधीत साखर आहे हे ठाऊक होतं. पण ती मिळवायची तर तीव्र आम्ल आणि भरपूर उष्णता लागे. भात आणि बटाट्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण तो आपल्याला पचतो. सेल्युलोजमध्ये त्याच मण्यांची जोडणी वेगळी आहे. साखळ्या सरळसोट, एकीला एक चिकटून इतक्या घट्ट रचलेल्या की मध्ये पाणीही धड शिरत नाही. म्हणून सुती सदरा धुतला तरी विरघळत नाही. म्हणूनच गाईला कडबा पचवायला पोटात जिवाणूंची फौज पाळावी लागते. आणि ही एवढीशी बुरशी साध्या हवेत, आम्लाशिवाय, आगीशिवाय तेच काम करत होती.

१९५० मध्ये रीस, राल्फ सिऊ आणि हिलेल लेव्हिन्सन यांनी एक कल्पना मांडली. त्यांचं म्हणणं असं की हे काम एकट्याचं नाही. आधी कोणीतरी त्या घट्ट रचनेला सैल करतो, त्याला त्यांनी 'सी-वन' म्हटलं. मग दुसरे येऊन सुट्या साखळ्या तोडतात, त्यांना नाव दिलं 'सी-एक्स'. हा सी-वन नेमका कोण, ते त्यांना दाखवता आलं नाही. नाव मात्र ठेवून दिलं. नाव ठेवलं की प्रश्न जिवंत राहतो, हे मला त्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण वाटतं.

प्रयोगशाळा पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक गावी गेली. तिथे रीस यांच्या बरोबरीने मेरी मँडल्स या शास्त्रज्ञ काम करत होत्या. १९५७ मध्ये दोघांनी दाखवलं की ही बुरशी एन्झाइमं कधी करते आणि कधी करत नाही. सेल्युलोज दिलं की ती कामाला लागते. आयती साखर दिली की कारखाना बंद! फुकट मिळतंय तर कष्ट कोण करणार? पुढच्या सगळ्या संशोधनाला ही एक गोष्ट आडवी येणार होती, कारण सेल्युलोज तुटलं की साखरच तयार होते, आणि साखर झाली की बुरशी हात आखडते.

हळूहळू एन्झाइमांची टोळी उलगडत गेली. एक प्रकार साखळीच्या मध्येच घाव घालतो. दुसरा प्रकार सुटं टोक पकडून एखाद्या बोगद्यातून दोरी ओढावी तशी साखळी ओढून घेतो आणि दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या तोडत जातो. तिसरा त्या जोडीचे दोन मणी सुटे करतो. आपल्या बुरशीकडे हा तिसरा थोडा कमी पडतो, म्हणून कारखान्यात तो बऱ्याचदा अ‍ॅस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीकडून उसना घेतात. सुटं ग्लुकोज मिळालं की पुढचं काम यीस्टचं, आणि त्याचं इथेनॉल करणं ही तर हजारो वर्षांची जुनी विद्या.

१९७३ चा ऑक्टोबर आला. अरब देशांनी तेल रोखलं. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव जानेवारी १९७४ पर्यंत ११ डॉलरच्या वर गेला. आणि अचानक सगळ्यांना आठवलं की नेटिकमध्ये काही माणसं गेली पंचवीस वर्षं कापडाची साखर कशी होते ते शोधत बसली आहेत! तिथे रद्दी वर्तमानपत्रं दळून त्यांच्यावर एन्झाइमं सोडली जात होती आणि साखरेचा पाक निघत होता. ज्या बुरशीला मारण्यासाठी खातं काढलं, तिनेच आता देशाच्या मोटारी चालवाव्यात असं सगळ्यांना वाटू लागलं.

बुरशीकडून जास्त काम करून घ्यायचं म्हणून तिच्यावर किरणांचा मारा केला गेला, तिची बदललेली वाणं निवडली गेली. रटगर्स विद्यापीठात ब्लँड मॉन्टेनकोर्ट आणि डग्लस एव्हली यांनी 'रट सी-३०' हे वाण तयार केलं. १९७९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. या वाणाची खुबी म्हणजे साखर समोर असली तरी ते पूर्वीइतकं हात आखडत नाही. मेरी मँडल्स यांनी दाखवून दिलेली खोड अशा रीतीने बरीचशी मोडली. आज कारखान्यांत वापरली जाणारी वाणं एका लिटरमध्ये १०० ग्रॅमहून अधिक प्रथिन बाहेर सोडू शकतात. बाहेर पोट असण्याचा हा फायदा! जिवाणूंकडून प्रथिन घ्यायचं तर पुष्कळदा पेशी फोडाव्या लागतात. इथे नुसतं गाळून घ्यायचं.

याच काळात तिचं नावही बदललं. सुरुवातीला तिला ट्रायकोडर्मा व्हिरिडी समजत. हे नाव आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवं नाही. कृषी सेवा केंद्रात हरभरा-तुरीच्या मर रोगावर बीजप्रक्रियेसाठी जी पावडर मिळते, तिच्या पाकिटावर हेच नाव असतं. तीच ही, असं मात्र नाही. एमोरी सिमन्स यांनी बारकाईने पाहून ठरवलं की बूगनव्हिलची बुरशी निराळी आहे, आणि १९७७ मध्ये तिला रीस यांच्या सन्मानार्थ 'ट्रायकोडर्मा रीसी' हे नाव दिलं. आपल्या बांधावरच्या बुरशीची ही प्रशांत महासागरातली चुलत बहीण. एक इतर बुरशांवर चढते म्हणून आपण तिला मातीत पेरतो, दुसरी कापूस फस्त करते म्हणून तिला टाकीत पाळतो.

मग १९८६ उजाडलं. तेलाचा भाव कोसळून पिंपामागे १५ डॉलरच्याही खाली आला. तेल स्वस्त झाल्यावर लाकडातून, रद्दीतून इंधन काढण्याचा उत्साह कसा टिकणार?

पण एन्झाइमं तयार होती, आणि ती गेली कुठे, तर जीन्सच्या कारखान्यात! तोवर जुनकट दिसणारी जीन्स करायची तर ती प्युमिस दगडांबरोबर यंत्रात घुसळत. दगडाने कापड फाटे, यंत्र झिजे, खिशात भुकटी राही. निळीचा रंग धाग्याच्या वरच्या थरात असतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दगडांच्या जागी सेल्युलोज खाणारी एन्झाइमं आली. ती धाग्याचा वरचा थर जरासा कुरतडतात आणि रंग सुटतो. ट्रायकोडर्माच्या वंशातली एन्झाइमं या कामात अग्रभागी होती. तंबू खाण्याचा जो गुण लष्कराला शाप वाटला, त्याच गुणाचे, फक्त योग्य वेळी थांबवून, लोकांनी पैसे मोजले. कपड्यांवरची लव काढायला, धुण्याच्या पावडरीत, फळांचा रस काढताना, जनावरांच्या खाद्यात, कागद कारखान्यात ही एन्झाइमं जाऊन बसली. पुढे या बुरशीत गाईचं जनुक घालून दुधातलं एक प्रथिन तयार केलं गेलं आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते खाण्यात वापरायला हरकत नसल्याचं कळवलं. रीस यांनी यातलं काहीही योजलेलं नव्हतं.

इंधनाचं स्वप्न परत आलं ते तेल पुन्हा महागल्यावर. २००७ मध्ये अमेरिकेने कायदा केला की २०२२ पर्यंत वर्षाला १६०० कोटी गॅलन, म्हणजे सुमारे ६००० कोटी लिटर इंधन सेल्युलोजपासून आलं पाहिजे. कारखाने उभे राहिले. २०१४ मध्ये आयोवात एमेट्सबर्गला आणि कॅन्ससमध्ये ह्युगोटनला, २०१५ मध्ये पुन्हा आयोवात नेव्हाडा गावी. पण २०१४ च्या उत्तरार्धातच तेल १०० डॉलरवरून ६० च्या खाली घसरलं होतं. शिवाय मक्याची ताटं गोळा करणं, त्यांच्यातली माती काढणं, लिग्निनचं कवच फोडणं, हे सगळं कागदावर होतं त्याहून महाग निघालं. २०१९ संपेपर्यंत या तिन्ही ठिकाणचं इथेनॉलचं काम थांबलेलं होतं. कायद्यातला आकडा कागदावरच राहिला.

हे वाचताना मला वाटत राहिलं की बाजाराला घाई होती आणि बुरशीला नव्हती. कारण नेमक्या याच काळात शास्त्र पुढे सरकत होतं. २००८ मध्ये क्यूएम ६ए चा पूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात ९ हजारांवर जनुकं सापडली, पण आश्चर्य असं की सेल्युलोज तोडणारी जनुकं तिच्या इतर भाऊबंदांपेक्षा कमीच होती. मोजक्या हत्यारांवर तिने एवढं नाव कमावलं होतं. आणि २०१० च्या आसपास एक नवीनच प्रकारचं एन्झाइम उलगडलं. ते साखळीच्या घट्ट रचनेवरच हल्ला चढवतं, ऑक्सिजनच्या मदतीने तिला भेगा पाडतं आणि इतरांना आत शिरायला वाट करून देतं. त्याच्या गाभ्यात तांब्याचा अणू असतो. मधल्या काळात सी-वन म्हणजे अमुकच, असं ठरलंही होतं आणि मोडलंही होतं. आता अनेकांना १९५० मधल्या त्या रिकाम्या खुर्चीची आठवण झाली. साठ वर्षांनी तिच्यावर बसण्याजोगा कोणीतरी आला होता. आणि गंमत बघा, ज्या तांब्याचे थर कॅनव्हासवर देऊन बुरशीला दूर ठेवायचं, तेच तांबं तिच्या हत्याराचं पातं निघालं.

आपल्याकडेही हा प्रश्न कोणी विचारलाच नाही असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९८३ मध्ये न्यूरोस्पोरा क्रॅसा या दुसऱ्या एका तंतुमय बुरशीवरचं काम प्रसिद्ध केलं. ही बुरशी सेल्युलोज तोडण्याचं आणि त्याचं इथेनॉल करण्याचं, अशी दोन्ही कामं एकटीच करते. म्हणजे एन्झाइम करणारी आणि यीस्ट, दोघींचं काम एकीकडेच. ते काम होत असतानाही तेलाचा भाव उतरणीलाच लागला होता.

१० ऑगस्ट २०२२ रोजी हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची क्षमता, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. पंजाब-हरियाणात जो पेंढा शेतातच पेटवला जातो आणि ज्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो, त्याची साखर करायची ही कल्पना. देशाला लागणारं इथेनॉल शेकडो कोटी लिटरमध्ये मोजावं लागतं. त्यापुढे ३ कोटी म्हणजे ओंजळभर. २०२५ मध्ये आपण पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यापर्यंत पोचलो, पण ते बहुतांशी ऊस, मका आणि तांदळातून आलेलं. आणि अन्नातून इंधन काढलं की काय होतं ते आपल्या साखरपट्ट्याने पाहिलंच आहे. पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल असं वाटलं, आणि ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. नंतर त्यात सवलती आल्या, पुढच्या हंगामासाठी मनाई उठलीही, पण ताण कुठे आहे ते कळलं. रसावर माणसाचा हक्क आहे. पाचटावर, पऱ्हाट्यांवर, तुराट्यांवर मात्र अजून बुरशीचं निमंत्रण बाकी आहे.

म्हणून मला या गोष्टीत कारखान्यांपेक्षा ती परीक्षानळी मोठी वाटते. आज जगभरच्या कारखान्यांत चालणाऱ्या रीसीच्या जवळजवळ सगळ्या वाणांचं मूळ त्या एका नमुन्यात आहे. तेल महागलं तेव्हा पैसा आला, स्वस्त झालं तेव्हा गेला. पण १९७३ मध्ये ज्यांना घाई झाली त्यांना हात घालायला काहीतरी होतं, कारण आधीची पंचवीस वर्षं कोणीतरी घाई नसताना काम केलं होतं. संकट आल्यावर प्रश्न विचारायला सुरुवात केली तर उत्तर पुढच्या संकटाच्या वेळी मिळतं, हा बुरशीच्या कामाचा हिशेब आहे.

मूळ क्यूएम ६ए अमेरिकेच्या सूक्ष्मजीव संग्रहात १३६३१ या नंबराने जपून ठेवलेली आहे. तिचा तंबू कधीच मातीत गेला.